मरच्चीनीचा कीस

आमच्या घरात कुठलीही वस्तू आधी हुंगली जायची आणि मग खाल्ली जायची. दूध आलं की आत्या त्यातला एक थेंब नखावर धरायची, तो फार पटकन ओघळला की गवळ्याच्या सात पिढ्यांची वरात निघायची. हळद पाण्यात टाकून बघायची, हिंग जाळून बघायची. आणि नई सडकेच्या बाजारातून आणलेला साबुदाणा तर ती परातीत पसरून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून, दाणा न् दाणा असा बघायची की बाबा म्हणायचे, मिलवाल्यांनी कापड तपासायला मला उगाच ठेवलं, अक्काला ठेवायला हवं होतं. बाबा ग्वाल्हेरला बिर्ला नगरच्या मिलमध्ये कापड-तपासणी खात्यात होते. घराण्यात कुणीतरी दख्खनेतून तलवार घेऊन आलं होतं म्हणे, आमच्यापर्यंत येईतो तलवारीची फूटपट्टी झाली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तरुणपणीच कपाळ पुसून माहेरी परत आलेली, आणि आल्या दिवसापासून स्वयंपाकघर तिचं. आई तिच्या हाताखाली होती म्हटलं तरी चालेल. आईला त्याचं काही वाटायचं नाही, की वाटत असेल आणि ती बोलत नसेल, देव जाणे. मी तेव्हा तेराची असेन, नाहीतर चौदाची.

मिलच्या क्वार्टरांची आमची ओळ सात घरांची होती. पुढे रस्ता, मागे सगळ्यांची मिळून मातीची एक लांब पट्टी, ती उभ्या विटा लावून वाटून घेतलेली, आणि पट्टीच्या टोकाला सात घरांत एक नळ. त्या नळावर सकाळी जे काही चालायचं ते मी आता कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. आज मी सिटी सेंटरजवळ लेकाच्या फ्लॅटमध्ये राहते, नळ सोडला की पाणी येतं, आणि मला अजून वाटतं की कुणीतरी पाठीमागे बालदी घेऊन उभं आहे. मिलचा भोंगा झाला की पुरुष जायचे, मग दिवसभर मागांचा खडखड आवाज जमिनीतून यायचा. फुलपात्रातल्या पाण्यावर त्याची बारीक थरथर दिसायची. कान त्याला इतके सरावलेले की सुट्टीच्या दिवशी तो थांबला की काहीतरी बिघडलं असं वाटायचं.

आमच्या उजव्या हाताचं क्वार्टर बरेच दिवस रिकामं होतं. त्यात नायरबाबू आले. मिलच्या ऑफिसात टायपिस्ट. शिडशिडीत, काळेसावळे, सायकलला स्वतःच रोज फडकं मारणारे. आणि त्यांची बायको पोन्नम्मा. मूलबाळ नव्हतं. ओळीतल्या लोकांनी त्यांना पहिल्या दिवशीच 'मद्रासी' करून टाकलं. आम्ही मद्रासचे नाही, त्रावणकोरकडचे, असं नायरबाबूंनी दोनदा समजावून बघितलं, मग सोडून दिलं. पोन्नम्माला हिंदी जेमतेम यायचं, मराठी तर नाहीच. ती मासळी खाते हे तिच्या भांड्यांवरून आत्यानं ओळखलं होतं. भांड्यांवरून कसं ओळखलं ते विचारू नका, आत्याला कळायचं.

होळी झाल्यावर एकदा नायर नवरा-बायको गावाला जाऊन आले, आणि येताना गोणपाटात गुंडाळून काठ्यांची मोळी घेऊन आले. हातभर लांबीच्या, गाठीगाठींच्या, वाळल्यासारख्या काठ्या. पोन्नम्मानं त्या आपल्या मागच्या पट्टीत मातीचे उंचवटे करून एकेक रोवल्या. ना मूळ, ना पान. पलीकडच्या क्वार्टरमधल्या तिवारीन चाची नळावरून बघत होत्या. कुणी मेलं की त्यांच्यात असं करतात का, म्हणून त्यांनी आईला हळूच विचारलं. पंधरा दिवसांत त्या काठ्यांना डोळे फुटले, आणि पावसाळ्यात त्या माणसाच्या डोक्यावर गेल्या. पानं अशी की हाताचा पंजा उघडावा. बोटंबोटं फाटलेली. बस्स, मग काय विचारता. चाचींच्या म्हणण्याप्रमाणे ती सरळसरळ गांज्याची शेती होती. त्यांचे यजमान शिवरात्रीला भांग घोटायचे, त्यांना पान ओळखता यायला हवं होतं. त्यांनी एक पान चुरगाळून हुंगलं, जरा निराश झाले, आणि म्हणाले की भांग नाही, पण भांगेची बहीण असेल.

मला नजर ठेवायचं काम मिळालं. म्हणजे कुणी बसवून सांगितलं नाही, पण मी काही बघून आले की आत्या हातातलं काम थांबवून ऐकायची, आणि आमच्या घरात माझं बोलणं कुणी थांबून ऐकावं असे प्रसंग कमीच. म्हणून मी बघत गेले. मागच्या दारात अभ्यासाला बसायचे आणि विटांच्या पलीकडे डोळा लावायचे. पोन्नम्मा चांगली होती माझ्याशी. एकदा तिनं मला नारळाची वडी दिली होती, ती मी खाल्ली, आणि घरी सांगितलं नाही. पण बातम्या मात्र तिच्या देत राहिले. माणूस लहानपणीसुद्धा किती लबाड असतं ते मला माझ्यावरूनच ठाऊक आहे.

दिवाळीनंतर तिनं पहिलं झाड उपटलं. खाली हाताच्या दंडाएवढी मुळं, वरून तपकिरी, बोटांसारखी फाकलेली. त्याला ती मरच्चीनी म्हणायची. ते उकडून, वर हिरव्या मिरचीचा आणि बारक्या कांद्याचा ठेचा खोबरेल तेलात घालून, ती एक ताटली आमच्याकडे घेऊन आली. आईनं हसून घेतली. खोबरेलाचा वास आल्याबरोबर आत्यानं पदर नाकाला लावला. ती केसाला लावायची वस्तू, आणि कांदा तर आत्याला वर्ज्यच. ताटली तशीच मागच्या दारी बसणाऱ्या मोकाट गायीपुढे गेली. आत्या संध्याकाळपर्यंत गायीवर लक्ष ठेवून होती. गायीला काही झालं नाही. याचाही आत्याला संशय आला, आम्ही ते गायीला घालणार हे पोन्नम्माला आधीच ठाऊक असणार म्हणून.

मी तेव्हा एक खास बातमी आणली होती. पोन्नम्मा ती मुळं उकडायची तेव्हा भांड्यावर झाकण ठेवायची नाही. उकडून झालं की पाणी सगळं काढून टाकायची, मग दुसरं पाणी घालून परत उकडायची, आणि तेही पाणी थेट मोरीत, वरून आणखी पाणी ओतून. आमच्याकडे भाताची पेज, डाळीचा कट, भाजी उकडल्याचं पाणी, काही म्हणजे काही टाकत नसत. आणि इथे भरल्या भांड्याचं पाणी ओतून दिलं जातं, कोंबडीलासुद्धा पिऊ देत नाहीत. "कसलं पाणी आहे ते, जे टाकावं लागतं?" आत्या म्हणाली. तिनं ते चाचींना सांगितलं, चाचींनी सगळ्या ओळीला. त्यावरून नळाचा प्रश्न निघाला. आधीच पाणी कमी, त्यात ही बाई पाण्याची नासाडी करते आणि झुडपांना बालद्या घालते. ठरलं असं, की पोन्नम्मानं सगळ्यांचं भरून झाल्यावर शेवटी यायचं, आणि झाडांना नळाचं पाणी नाही. तिनं मान हलवली. भांडली असती तर बरं झालं असतं, गप्प बसणाऱ्याचा माणसाला आणखी संशय येतो. पुढे तीन महिने तिची उरलेली झाडं कोरडीठाक उभी राहिली. ग्वाल्हेरची थंडी पडली, पानं झडली, नुसते सोटे राहिले.

माघातली एकादशी होती. आत्याच्या एकादश्या कधी चुकायच्या नाहीत. आदल्या दिवशी आणलेला साबुदाणा तिनं परातीत पसरला आणि परत बांधून टाकला. आंबूस वास येत होता, वर पांढरी भुकटी. यात खडू आहे, ती म्हणाली. रताळी संपली होती, बटाटा तिला चालायचा पण वातानं सोसवायचा नाही. आई मला घेऊन लष्करच्या बाजारात जाऊन येते म्हणाली, तर आत्या नको म्हणाली. आई निघून गेली, तिला मामांकडे हळदीकुंकवाला जायचं होतं. घरात मी आणि आत्या. ती बराच वेळ मागच्या दारात उभी होती. मग मला म्हणाली, "सुमे, ती मुळं जमिनीखालीच येतात ना गं?"

आता हे नीट समजून घ्या, नाहीतर आत्या तुम्हाला खुळी वाटेल, आणि ती खुळी मुळीच नव्हती. उपासाला धान्य चालत नाही, कंदमूळ चालतं. जमिनीखालचं, ऋषिमुनींनी खाल्लेलं. पोन्नम्माच्या हातचं शिजलेलं आत्याला चाललंच नसतं, मेली तरी. तिच्या भांड्यात मासळी शिजलेली, तिच्या पाण्यात उकडलेलं. पण मातीतून काढलेला कच्चा कंद, त्याला कुणाचा विटाळ? माती तर सगळ्यांचीच. म्हणजे शिजलेल्याचा तिला संशय होता आणि कच्च्यावर तिचा विश्वास होता. आयुष्यभर तिनं असंच जोखलं होतं आणि कधी चुकली नव्हती. गायीला काही झालं नाही हेही तिनं बघून ठेवलं होतंच.

"मागायचं?" मी विचारलं.

"मागायचं कशाला. मागितलं की गावभर होईल, अक्का आमच्याकडचं खाते म्हणून. नळावर गेलीय ती. एक घेऊन ये, आणि भोक बुजव."

मी गेले. टोकाचं, विटांना लागून असलेलं झाड धरून ओढलं, ते बघता बघता हातात आलं. मुळं बारकी होती, दिवाळीच्या मानानं निम्मी. दोन तोडली, झाड परत भोकात उभं केलं, माती दाबली. छाती अशी धडधडत होती की मागांचा आवाज की माझा ते कळेना.

आत्यानं ती धुतली, वरची तपकिरी साल खरवडली. आतली गुलाबीसर जाड साल तशीच ठेवली, सालीत सत्त्व असतं म्हणून. किसणीवर किसली. दुधासारखा पांढरा कीस पडला, आत्याच्या तोंडावर समाधान पसरलं. कढईत तूप, जिरं, हिरवी मिरची, वर कीस, मीठ, आणि घट्ट झाकण. वाफेवर शिजतो उपासाचा कीस, त्यात पाणी घालायचं नसतं आणि टाकायचा तर प्रश्नच नाही. शेवटी दाण्याचं कूट. वास इतका छान सुटला होता की मी चिमूटभर तोंडात टाकला. कडू लागला. कडू म्हणजे कारल्यासारखा नाही, मागून येणारा, जिभेच्या मुळाशी बसणारा. मी मोरीत थुंकले.

आत्याला म्हटलं, कडू आहे. ती म्हणाली उपासाला चव बघायची नसते. पण पहिल्या घासाला तिचंही तोंड आकसलं ते मी पाहिलं. तिला संशय आलाच होता. जन्मभर दुधाचा थेंब नखावर धरणारी बाई, तिला संशय आल्याशिवाय राहील? पण समोर जे होतं ते तिनं स्वतः सोवळ्यात केलेलं होतं. स्वतःच्या हातावर संशय घ्यायची तिला सवय नव्हती. तिनं ताटली संपवली.

त्याच वेळी पुढचं दार वाजलं. मी फटीतून बघितलं, पोन्नम्मा. हात मातीनं भरलेले, धाप लागलेली. "बेबी, किसी ने लिया क्या? मरच्चीनी? वो कोनेवाला? वो अच्छा नहीं, इस टाइम अच्छा नहीं," असं काहीतरी ती म्हणत होती. आत्या माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मी म्हणाले, "घर पर कोई नहीं है." मी स्वतः समोर उभी असताना. पोन्नम्मानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. माझ्या नखांत माती होती. तिनं हातानंच काहीतरी ओतून टाकल्याची खूण केली, दोनदा. मी दार लावून घेतलं. आत्या म्हणाली, बघ, चोरी धरायला आली होती.

तासाभरानं आत्याचं डोकं दुखू लागलं. मग ओकाऱ्या सुरू झाल्या, थांबेचनात. भिंत धरून उठायला गेली तर कोसळली. श्वास असा घ्यायला लागली की जणू पळत आली आहे. मी चाचींना हाक मारली, चाचींनी ओळीला, कुणीतरी बाबांना मिलमधून आणलं, आई आली. दवाखान्याचे डॉक्टर आले, त्यांनी विचारलं, आज काय खाल्लं? आत्याचे डोळे अर्धे मिटलेले होते, पण तिचा हात माझ्या मनगटावर होता, आणि तो घट्ट झाला. "साबूदाना," ती म्हणाली. "एकादशी है."

दारात गर्दी, गर्दीच्या मागे पोन्नम्मा. ती पुढे यायला बघत होती. "पूछो न, मरच्चीनी खाया क्या? मरच्चीनी खाया तो डॉक्टर को बोलो." डॉक्टरांना तिचा शब्द कळला नाही, पण चाचींना जेवढं कळायचं तेवढं कळलं. त्या वळल्या आणि फार शांतपणे म्हणाल्या, "इसे कैसे मालूम कि क्या खाया? दोपहर में यही तो आई थी दरवाज़े पर. मैंने खुद देखा." सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती वाचवायला आली होती, तेच तिच्याविरुद्ध पुरावा झालं. मी आत उभी होते, सगळं जाणणारी एकटी, आणि मातीची नखं मुठीत मिटून घेतली होती.

आत्या वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारी भाताची पेज घेतली तिनं. पण त्या एका दिवसात ओळीनं निकाल देऊन टाकला होता. रविवारी सकाळी, मिलला सुट्टी म्हणून माग थांबलेले, आमच्या पुढच्या अंगणात सतरंजी घालून सगळे बसले. नायरबाबूंना या ओळीतून काढावं म्हणून मिलच्या ऑफिसात अर्ज द्यायचा. नायरबाबू नोकरीत पक्के झालेले नव्हते, नवीन माणूस. असा अर्ज गेला तर क्वार्टर तर जाईलच, नोकरीही जाईल, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि अर्ज लिहायचा कुणी? शाळेत माझं हिंदी अक्षर पहिलं होतं. बाबांनी कागद आणि पाटी पुढे ठेवली, कागदाखाली धरायला. तिवारीजी सांगत गेले, मी लिहीत गेले. "सेवा में, श्रीमान..." पासून "विषैली जड़ें" आणि "प्राण लेने का प्रयत्न" पर्यंत. एक वेलांटी चुकली नाही माझी. आत्या आतल्या उंबऱ्यावर शाल पांघरून बसली होती.

आता एक रीत होती. ओळीतले निम्मे लोक अंगठा लावणारे, त्यामुळे कुठलाही कागद आधी मोठ्यानं वाचून दाखवायचा, मगच सह्या. बाबा म्हणाले, वाच. मी उभी राहिले. पहिल्या दोन ओळी जशा होत्या तशा वाचल्या. तिसऱ्या ओळीवर माझे डोळे कागदावरच होते, पण तोंडातून निघालं ते कागदावर नव्हतं. मी ते ठरवलं नव्हतं, अजून सांगते, ठरवलं असतं तर हिंमत झाली नसती. त्याच आवाजात, त्याच अर्जाच्या हिंदीत मी वाचत गेले, "निवेदन है कि एकादशी के दिन उक्त जड़ मैंने स्वयं उखाड़ी, बिना पूछे, और हमारे ही घर में हमारे ही हाथों पकाई गई, तथा श्रीमती नायर केवल मना करने आई थीं."

चाची "बिलकुल, बिलकुल" म्हणत मान हलवत होत्या. मान हलता हलता थांबली.

बाबांनी कागद माझ्या हातातून घेतला, वाचला, परत वाचला. "इथे असं काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

"नाहीच," मी म्हटलं.

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की झालं. कुणी तसं मानलंच नाही. चाची म्हणाल्या, लड़की को पढ़ा दिया है. तिवारीजी म्हणाले, मागच्या दारात बसते ही, त्यांच्याशी बोलते. बाबांनी विचारलं, तू त्यांच्या घरचं कधी काही खाल्लंस? मला ती नारळाची वडी आठवली, आणि माझा चेहरा बघून त्यांना उत्तर मिळालं. सगळ्यांच्या माना अशा हलल्या की बघा, तरीच. मी रडायला लागले. रडण्याचाही अर्थ लावला गेला. जो कागद मी लिहिला तो खरा ठरला आणि जे बोलले ते शिकवलेलं ठरलं. बाबांनी पेनचं टोपण काढलं.

"किसणी आणा आतून," आत्या म्हणाली.

आई उठली, किसणी घेऊन आली. आत्यानं ती हातात घेतली, उलटी करून बाबांच्या पुढे धरली. भोकाभोकांत पांढरं वाळून खडीसारखं घट्ट बसलं होतं. त्या दिवसापासून ती कुणी घासली नव्हती. आत्याच्या स्वयंपाकघरात न घासलेलं भांडं, हे बाबांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"कीस मी केला," आत्या म्हणाली. "पोरीनं आणला तो माझ्या सांगण्यावरून." मग तिनं शाल सारखी केली आणि सगळ्यांकडे बघून हिंदीत बोलली, तिचं ते मराठी वळणाचं हिंदी. "चोरी हमने करवाई. पकाया हमने, खाया हमने, और झूठ भी हमने बोला. अब जो लिखना है, लिख लो."

कुणी काही लिहिलं नाही. लोक उठले, सतरंजी झटकली गेली. जाता जाता चाची आईच्या कानाशी म्हणाल्याच, की त्या मद्रासिणीनं बुढियाचंही डोकं फिरवलं. बाबांनी अर्ज चार घड्या करून चुलीत घातला, माझ्याशी मात्र दोन दिवस बोलले नाहीत. सगळ्यांपुढे अर्ज बदलून वाचला याचा राग की आणखी कशाचा, मी कधी विचारलं नाही.

पुढचं सांगते, मग थांबते. माझ्या धाकट्या जावेच्या शेजारी केरळातल्या कोट्टयमकडच्या एक बाई राहतात. त्यांच्याकडून मला या वयात कळलं की झाडाला पाणी तोडलं, ते तहानलं, की कंद आणखी कडू होतो, आणि तो कडवटपणा म्हणजेच विष. सोलून, उघडं उकडून, पाणी टाकलं की जातं. म्हणजे पोन्नम्मानं विष लावलं नव्हतं, आम्हीच नळ बंद करून ते थोडं थोडं वाढवलं होतं. परवा माझ्या नातीनं त्याच कंदाच्या पिठाची पिशवी मागवली, आजी, ये बहुत हेल्दी होता है म्हणाली, मी नुसती पिशवीकडे बघत बसले. आणि साबुदाणा याच कंदाचा करतात हे तर पुढे नायरबाबूंनीच आत्याला सांगितलं होतं. आत्यानं ऐकून घेतलं, विश्वास ठेवला नाही, आणि मरेपर्यंत दर एकादशीला साबुदाणा परातीत पसरत राहिली.

त्या रविवारी दुपारी आत्यानं मला हाक मारली. उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "जा, विचारून ये. त्या दिवशी दारात काय सांगायला आली होती ती." माफी माग असं नाही म्हणाली. तो शब्द तिच्याकडे नव्हताच.

मी मागच्या दारानं गेले. विटा ओलांडल्या. पोन्नम्मा स्वयंपाकघरात होती. तिनं मला बघितलं. अंगणातलं बोलणं भिंतीपलीकडे ऐकू गेलं असणारच. तिनं एक कंद घेतला, माझ्यासमोर सोलला. आधी तपकिरी साल, मग तिच्याखालची गुलाबी जाड साल नखानं उचलून पूर्ण सोडवली, आणि बोट माझ्या तोंडासमोर नाचवून म्हणाली, "ये नहीं." तुकडे केले, मधला दोरा काढला. भांडं भरून पाणी, झाकण नाही. उकळी आली, पाणी मोरीत. परत पाणी, परत उकळी, परत मोरीत. प्रत्येक वेळी ती माझ्याकडे बघायची, कळलं का, अशी. मी मान हलवायचे. घरात वाफ भरली होती, खिडकीशी नायरबाबू वर्तमानपत्र घेऊन बसले होते आणि एकही पान उलटत नव्हते.

तिनं ताटलीत तुकडे काढले, वर मीठ घातलं, ताटली आम्हा दोघींच्या मध्ये ठेवली. मी हात पुढे केला नाही. मला भीती वाटत नव्हती, निदान मी स्वतःला तसं सांगत होते. सगळं माझ्यासमोर झालं होतं, मी प्रत्येक पाणी मोरीत जाताना पाहिलं होतं. तरी माझा हात मांडीवरच होता. पोन्नम्मानं ते बघितलं. तिनं एक तुकडा उचलला, तोंडात टाकला, सावकाश चावला, गिळला. मग माझ्याकडे वळून, एखाद्या लहान मुलानं डॉक्टरपुढे करावं तसं, तोंड उघडून दाखवलं.

मग मी खाल्लं. गरम, पिठूळ, जरासं गोड होतं. घरी जाऊन आत्याला सगळी कृती सांगितली, दोन पाणी, उघडं भांडं, आतली साल. फक्त हे सांगितलं नाही, की तिनं तोंड उघडून दाखवेपर्यंत मी थांबले होते.